अर्धा अंश

मुलाणीसरांच्या टेबलावर कॉम्प्युटर एका कोपऱ्यात ढकललेला असायचा आणि मधोमध दोन किलोचा हातोडा. इतरांच्या टेबलावर घरच्यांचे फोटो, छोटा गणपती, पाण्यातलं रोप असं काहीबाही असे. यांच्याकडे हातोडा, आणि त्याच्याखाली ऐरण म्हणून रेल्वेच्या रुळाचा वीतभर तुकडा.

माझी मुलाखत त्याच टेबलापाशी झाली. चाकणमधली ती कंपनी गाड्यांचे प्लास्टिकचे भाग बनवायची. मी लातूरची, डिप्लोमा करून भोसरीतल्या एका लहान युनिटमध्ये चार वर्षं डिझाइनचं काम केलेली. समोर तिघं बसले होते. दोघांनी माझा बायोडाटा वाचला. तिसऱ्यानं त्याला हातसुद्धा लावला नाही. पन्नाशी ओलांडलेला माणूस. आखूड मान, पैलवानासारखे खांदे, मेंदी लावलेली दाढी, आणि डाव्या कानापासून कॉलरच्या आत उतरलेला भाजल्याचा जुना व्रण.

"पिशवीत काय हाय?" त्यांनी विचारलं.

मी स्वतः डिझाइन केलेला एक ब्रॅकेट दाखवायला आणला होता. आरशामागे बसणारा, तळहाताएवढा. मोठ्या अभिमानानं तो त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो उलटसुलट फिरवला, एका कडेवरून नख ओढलं, रुळाच्या तुकड्यावर ठेवला आणि हातोडा घातला.

एक कपची उडून माझ्या गालाला लागली. हात लावला तर बोटाला रक्त. शेजारच्या एचआरच्या बाई किंचाळल्या. सरांनी तिकडे पाहिलंही नाही.

"कुटं तुटला?"

"कोपऱ्यात."

"का?"

"कोपरा काटकोनात ठेवलाय. गोलाई द्यायला हवी होती."

"कुणी ठेवला?"

"मी."

"मग सोमवारपास्नं ये," ते म्हणाले. "आन गालाला हळद लाव."

त्यांच्या हाताखाली मी सहा वर्षं काम केलं. नव्या मोल्डमधून निघालेला पहिला भाग ज्याचा त्याच्यासमोर फोडायचा, हा त्यांचा नियम होता. मोल्ड म्हणजे पोलादी साचा. वितळलेलं प्लास्टिक त्यात प्रचंड दाबानं भरायचं, थंड झालं की साचा उघडायचा आणि आतला भाग बाहेर ढकलायचा, एवढंच आमच्या धंद्याचं गुपित. पण भाग फुटला की सरांचा आवाज मशीन हॉलपर्यंत जायचा. शिव्या आई-बहिणीवरून नसत, तुमच्या अकलेवरून असत, आणि त्यामुळे जास्त लागत. "हितं तुटलं तर आपुन शिव्या खातो. रस्त्यावर तुटलं तर कुणाचं तरी डोस्कं फुटतं," असं म्हणून ते तुकडे तुमच्याच हातात द्यायचे. आम्ही ते ड्रॉवरमध्ये ठेवायचो. ज्याच्या ड्रॉवरमध्ये जास्त तुकडे, तो त्यांच्या लेखी जास्त शिकलेला.

नावानं ते कुणालाच हाक मारत नसत. मी 'लातूर', पलीकडचा निखिल 'नगर', प्रॉडक्शन मॅनेजर विलास जाधव 'सातारा'. सगळा पट्टाच बाहेरून आलेल्यांचा. ते मात्र मोशीच्या जुन्या गावठाणातले. "तुमी समदी नोकरीला आलाय," ते म्हणायचे, "मी हितंच हाय. माझ्या दारात कंपनी आली." कामगार त्यांना चाचा म्हणत, आम्ही सर.

त्यांचा राग मी अनेकदा पाहिला. एकदा खुर्ची भिंतीवर गेली. एकदा सप्लायरच्या माणसाची गचांडी धरून त्याला जिन्यापर्यंत नेलं. आणि एकदा निखिल. त्यानं जुन्या ड्रॉइंगची नक्कल मारली होती, भिंतीची जाडी बदलायची राहिली होती, आणि तोवर टूलरूममध्ये पोलाद कापून झालं होतं. सरांनी त्याला उभं केलं आणि सगळ्यांसमोर कानाखाली दिली. चष्मा खाली पडला आणि सरांच्याच बुटाखाली चुरडला. निखिल गुडघ्यावर बसून काचा गोळा करत राहिला. अठ्ठावीस वर्षांचा बाप्या, घरी लहान मुलगी असलेला. ऑफिसात आम्ही नऊ जण होतो. कुणीही जागेवरून हललं नाही. मीही नाही.

निखिलनं महिनाअखेर नोकरी सोडली. पुढे नवा कुणी आला की आम्ही त्याला तो किस्सा हसत हसत सांगायचो, "अजून नगरी प्रसाद मिळाला नाही का तुला?" आता तो विनोद आठवला की स्वतःचीच जीभ चावावीशी वाटते.

हे मी एकदा त्यांना बोलूनही दाखवलं होतं. जेवणाच्या सुट्टीत, ते खुशीत असताना. "सर, निखिलला मारायला नको होतं."

ते भाकरी मोडत थांबले. "मला बापानं सुरीच्या मुठीनं हाणून शिकिवलं. शिकलो का न्हाई?"

त्यांचे वडील गावचे मुलाणी. जत्रेला, नवसाला, लग्नाच्या गावजेवणाला बकरं कापायचा मान त्यांचा. सर लहानपणी पाय धरायला जायचे. "बाप लई तापट. आमाला गुरावानी मारायचा. पर जनावराला कदी हाल दिलं न्हाईत. सुरी अशी लावायचा की बकऱ्याला कळायच्या आत काम झालेलं. म्हणायचा, हिसका दिलास तर तू कसाब न्हाईस, खाटीक न्हाईस, कुणीच न्हाईस." मग बोटं चाटत म्हणाले, "मोल्डमधनं पार्ट तसाच निघाला पायजे. त्येला कळाय नको."

भाग साच्यातून अलगद सुटावा म्हणून त्याच्या उभ्या भिंती किंचित तिरप्या ठेवतात. त्याला ड्राफ्ट म्हणतात. मुलाणीसर ते नव्या पोरापोरींना असं समजवायचे: "इडली का निघती? वाटी वर पसरट असती म्हणून. उद्या उभ्या ग्लासात इडली लाव. मग चमच्यानं खरवडत बस." आणि थोडं थांबून, "आन मोल्डमधी खरवडायला चमचा न्हाई जात, लातूर. हात जातो."

ते फक्त बोलण्यावर थांबत नसत. नवीन डिझायनर आला की पहिल्या आठवड्यात त्याला खाली एका जुन्या मशीनपुढे उभा करायचे. भंगारात निघालेला मोल्ड लावलेला असायचा. त्याच्या दोन भागांच्या मध्ये चिकटपट्टीनं उसाचं एक जाडजूड कांडं बसवायचे, सुरक्षेचं दार ओढून घ्यायचे आणि बटण दाबायचे. चारशे टन दाबाचं मशीन. आवाजसुद्धा फार होत नसे. मोल्ड उघडला की कांड्याच्या जागी कागदासारखी चपटी चोथ्याची पट्टी असे आणि पोलादावरून रस ओघळत असे. ती पट्टी सोलून ते नव्या माणसाच्या हातावर ठेवायचे.

"ऊस हाय का ह्यो?"

"हो सर."

"न्हाई. मनगाट हाय."

मला वाटतं त्या वासामुळे असेल, मी अजून उसाचा रस पीत नाही.

हे सगळं इतकं लांबण लावून सांगितलं, कारण पुढे जे झालं ते या माणसाच्या हातून झालं. दुसऱ्या कुणाच्या हातून झालं असतं तर ते नुसता अपघात म्हणून विसरता आलं असतं.

एका नव्या गाडीचं काम आलं. दोन सीटांच्या मधला खोल खण, ज्यात लोक मोबाईल, पाण्याची बाटली ठेवतात तो. गाडीवाल्या कंपनीच्या स्टायलिंगवाल्याला खणाच्या भिंती सरळ उभ्या हव्या होत्या आणि वर चामड्यासारखी बारीक नक्षी हवी होती. नक्षी म्हणजे पोलादाला फुटलेले बारीक दात, ते प्लास्टिकला धरून ठेवतात. अशा भिंतीला ड्राफ्ट जास्तच लागतो. सरांनी तीन अंश मागितले. तो म्हणाला, अर्धा.

तीन बैठका झाल्या. तिन्ही वेळा सर नाही म्हणाले. चौथ्या बैठकीत तो तिशीतला माणूस लॅपटॉप मिटत अगदी सहज बोलून गेला, "चेन्नईचा व्हेंडर अर्ध्या अंशात देतोय, मुलाणीसाहेब. तुमच्याकडे जमत नसेल तर तसं लिहून द्या."

मी शेजारी बसले होते. सरांच्या मानेवरचा व्रण गडद होताना मला दिसला. मग ते हसले. त्यांचं ते हसणं मला तेव्हा आवडलं होतं.

"जमत न्हाई असं काय नसतंय. मी काढून दावतो."

आणि ड्रॉइंगवर सही केली.

पुढचे दोन महिने त्यांनी त्या मोल्डला अक्षरशः वाहून घेतलं. पोलाद स्वतः उभं राहून घासून घेतलं, भाग सुटायला आतून हवेचा झोत दिला, ढकलणाऱ्या पिना दुप्पट केल्या. चाचणीला तीन दिवस मशीनपासून हलले नाहीत. भाग निघत होता. प्रत्येक वेळी मोल्ड उघडला की ते माझ्याकडे वळून म्हणायचे, "बग. निघाला." खूश होते. मुलगी दिल्यासारखे खूश.

पण चाचणी निवांत चालते, उत्पादन निवांत चालत नाही. गाडी खपायला लागली, मागणी वाढली, आणि भाग थंड व्हायला दिलेले सेकंद वरच्यांनी एकेक करून कमी केले. गरम भाग दर दहा-बारा खेपांनंतर आत चिकटायला लागला. ऑपरेटर पितळेच्या दांड्यानं तो उचकटून काढायचे. पितळेचा अशासाठी, की पोलादावर ओरखडा पडू नये. पोलादाची काळजी सगळ्यांनाच असते.

जाधव वर आले होते. साताऱ्याचा शांत माणूस, डोळ्यांखाली कायम काळं.

"सर, तुमचा पार्ट चिकटतोय."

"सेकंद वाढीव."

"वरून परवानगी नाही."

"मग मोल्ड उतरीव. चार दिवसांत ड्राफ्ट वाढवून देतो."

"चार दिवस लाइन थांबवली तर डायरेक्टर माझी कातडी सोलतील, सर. तुम्ही लेखी द्या, मग उतरवतो."

लेखी द्यायचं म्हणजे अर्धा अंश चुकला असं स्वतःच्या अक्षरात लिहायचं. सर म्हणाले, "बगतो. फुडच्या हप्त्यात." तो पुढचा हप्ता दोनदा पुढे गेला.

या मधल्या काळात मी एकदा खाली गेले होते. त्या मशीनच्या सुरक्षेच्या दाराचा स्विच काळ्या प्लास्टिकच्या पट्टीनं करकचून बांधलेला मला दिसला. दार उघडं असलं तरी मशीनला ते बंदच वाटावं, म्हणजे दर वेळी दार ओढण्यात वेळ जाऊ नये, म्हणून. मी तो पाहिला. वाटलं, बाकीच्यांना माहीत असेलच. आणि वर येऊन चहा घेतला.

आठवड्याभरानं, सकाळी अकराच्या सुमाराला ते झालं. किंचाळी मी ऐकली नाही. मी ऐकलं ते एकामागून एक मशीन बंद पडत जाणं. बावीस मशीनचा हॉल शांत झाला. आम्ही धावलो.

सुरेखाताई मशीनला टेकून उभ्या होत्या. परभणीकडच्या, मोशीत भाड्यानं राहणाऱ्या, दोन वर्षं कंत्राटावर. उभ्या होत्या म्हणजे त्यांना पडता येत नव्हतं. उजवा हात मनगटाच्या वरपर्यंत मोल्डमध्ये होता. मोल्ड बंद होता. रडत नव्हत्या. पांढऱ्याफटक चेहऱ्यानं एकच वाक्य म्हणत होत्या, "दार उघडंच होतं. दार उघडंच होतं."

मोल्ड मुलाणीसरांनी उघडला. बाकी कुणाचे हात चालत नव्हते. त्यांनी एका हातानं बटण दाबलं, दुसऱ्यानं सुरेखाताईंना कमरेत धरलं, स्वतःचा शर्ट काढून दंडाला आवळून बांधला आणि "डोळं मिट, माज्याकडं बग, न्हाई, डोळं मिट," असं काहीतरी उलटसुलट बोलत त्यांना जमिनीवर टेकवलं. मोल्डमध्ये काय उरलं होतं ते मी पाहिलं. ते मी लिहिणार नाही. चिकटलेला भाग मात्र तसाच होता, नक्षीसकट, सुबक.

ॲम्बुलन्स गेली. सर बनियनवर उभे होते, कोपरापर्यंत रक्त. त्यांची नजर दाराच्या स्विचवर गेली. त्यांनी वाकून ती काळी पट्टी पाहिली, बोटानं चाचपली. त्याच वेळी जाधव मीटिंगमधून धावत आले. "काय झालं? कोण होतं मशीनवर?"

पितळेचा दांडा मशीनला टेकून ठेवलेला होता.

पहिला फटका जाधवांच्या खांद्यावर बसला. तो रागाचा होता, आंधळा. जाधव कळवळून एका गुडघ्यावर आले आणि त्यांनी तोंड वर केलं. दुसरा फटका सरांनी नेम धरून मारला. हे मी पाहिलं. दांड्यावरची पकड बदलली, पाय रोवले आणि जबड्यावर मारला. लाकूड फुटावं तसा आवाज झाला. जाधव आडवे झाले. फरशीवर प्लास्टिकचे पांढरे दाणे सांडलेले होते, त्यांच्यात त्यांचे दोन दात जाऊन पडले आणि लगेच वेगळे ओळखू येईनात. तिसऱ्यासाठी हात वर गेला तेव्हा चौघांनी सरांना मागून धरलं. ते चौघांना घेऊन दोन पावलं पुढे सरकले. मग अंगातली हवा गेल्यासारखे खाली बसले.

पोलीस येईपर्यंत ते वर ऑफिसात जाऊन आले. खणाचं ड्रॉइंग छापून घेतलं. जीपमध्ये बसताना तो कागद त्यांनी हवालदारापुढे धरला. "ही सही माझी हाय. लिहून घ्या."

"कसली सही, चाचा? मारलं कुणाला ते सांगा."

"ते हायच. आधी हे लिहा."

हवालदारानं कागद घडी घालून सीटवर टाकला.

कंपनीनं तिसऱ्याच दिवशी नोटीस लावली: ऑपरेटरनं नियम मोडून मशीनमध्ये हात घातला. आम्हा सगळ्यांना एकेकाला आत बोलावून टाइप केलेला कागद पुढे ठेवला. त्यावर लिहिलं होतं की दाराचा स्विच बांधलेला मी कधी पाहिला नाही. डायरेक्टर स्वतः बसले होते, फार प्रेमानं बोलत होते. मी सही केली. मोशीतल्या फ्लॅटचा हप्ता, मुलाची शाळा, असं बरंच काही सही करताना मनात होतं. सही करायला चार सेकंद लागतात.

सर आठ दिवसांनी जामिनावर सुटले. त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी मोशीच्या थांब्यावर कंपनीच्या बसची वाट पाहत होते, तर समोरून सर चालत आले. दाढीची मेंदी उतरली होती, खालचं पांढरं दिसत होतं.

"सुईचवर पट्टी व्हती. बगितलीस?"

"हो सर."

"कवा?"

"त्याच्या आठवडाभर आधी."

"आन कागदावर काय हाय?"

"पाहिली नाही असं. खाली माझी सही." त्यांचा उजवा हात हलला तसे मी डोळे मिटून घेतले. खरंच मिटून घेतले, लोकांत उभी असताना. मारतील असं वाटलं, आणि मारावं असंही वाटलं. काहीच झालं नाही. डोळे उघडले तर ते रस्त्याकडे बघत होते.

"माज्याबी सहीनंच झालंय," ते म्हणाले. "चल. साताऱ्याकडं जायचंय, दवाखान्यात. एकट्यानं जायला पाय व्हत न्हाईत."

चिंचवडच्या हॉस्पिटलात जाधवांची पत्नी खोलीच्या दारात भेटल्या. त्यांनी सरांना ओळखलं. हातात स्टीलचा जेवणाचा डबा होता, तो त्यांनी जिवाच्या आकांतानं फेकून मारला. डबा सरांच्या छातीवर आपटला, आमटी अंगभर उडाली. "राक्षस! त्यांना पातळ पेज गिळता येत नाही! परत कशाला आलात, उरलेले दात मोजायला?" त्या त्यांच्या छातीवर मुठी मारत राहिल्या. नर्स धावल्या. सर भिंतीसारखे उभे राहिले.

आतून पलंगाच्या दांडीवर ठकठक झाली. जाधवांचा जबडा तारांनी बांधला होता. त्यांनी वहीवर लिहून वर धरलं: येऊ दे.

सर आत गेले, पण बसले नाहीत.

"जाधव, सुईच तू बांधलास. पर पार्ट चिकटला म्हणून बाईनं हात घातला, आन पार्ट माज्या मस्तीनं चिकटला. म्या लेखी दिलं असतं तर मोल्ड उतरला असता. त्या दिशी म्या मारायचं व्हतं मला. तू समोर आलास."

त्यांच्या तोंडून 'जाधव' मी पहिल्यांदाच ऐकलं.

जाधवांनी बराच वेळ लिहिलं. वही माझ्याकडे दिली, कारण सरांनी चष्मा आणला नव्हता. मी वाचलं: "स्विच बांधायला मला कुणी सांगितलं, त्याचा मेसेज माझ्या फोनवर आहे. मी तो इन्स्पेक्टरना देणार. तुमच्यावरची केस मागे घेणार नाही."

"नको घिऊ," सर म्हणाले.

बाहेर पडताना त्यांनी दारातली आमटी पुसायला नर्सकडे फडकं मागितलं. तिनं दिलं नाही.

जाधवांनी दोन्ही कागदांवर सह्या केल्या, मेसेजच्याही आणि मारहाणीच्याही. कारखान्यांचे सरकारी इन्स्पेक्टर आले तेव्हा मीही आधीचा कागद खोटा आहे असं लिहून दिलं. त्यात माझा काही मोठेपणा नाही. मी तिसरी होते. माझ्या आधी हॉलमधल्या दोन ऑपरेटर बायकांनी लिहून दिलं होतं, आणि त्या कंत्राटावर होत्या. डायरेक्टरवर खटला उभा राहिला. सुरेखाताईंच्या माथी मारलेला दोष निघाला, भरपाई मंजूर झाली. तो मोल्ड उतरला. मला ती नोकरी सोडावी लागली आणि चार महिन्यांनी दुसरी मिळाली.

सरांना कंपनीनं काढलं. मारहाणीची केस अजून चालू आहे. ते सुरेखाताईंकडे एकदा गेले होते, हे त्यांनीच मला फोनवर सांगितलं. ताईंनी दार उघडलं, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "तुमी चुकलं म्हणलात म्हून हात येनार हाय का माजा? जावा." आणि डाव्या हातानं दार लावून घेतलं. "बराबर हाय तिचं," सर म्हणाले. फोन ठेवता ठेवता त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली. ते नगरला जाऊन निखिलला भेटून आले होते. तो काय म्हणाला ते मी विचारलं. "चहा पाजला," म्हणाले. "लेक मोठी झालीया त्याची."

त्यानंतर दीड वर्षानं ते मला दिसले.

दुपारी चारची वेळ, चाकणच्या चौकात नेहमीसारखी गाड्यांची कोंडी. मी नव्या कंपनीच्या बसमध्ये खिडकीशी होते. पुढे एका टेम्पोनं मोटरसायकलवाल्याला उडवलं होतं. मोटरसायकलवाला कडेला पाय धरून बसला होता आणि टेम्पोच्या ड्रायव्हरला लोकांनी खाली ओढलं होतं. वीस-पंचवीस जण असतील. हेल्मेट, चपला, कुणाच्या हातात उसाच्या गुऱ्हाळावरचं लाकूड. ज्यांनी काही पाहिलं नव्हतं तेही गाड्या लावून, एक-दोन फटके मारून परत जात होते.

गर्दी हलली तेव्हा कळलं की खाली एक माणूस नाही, दोन आहेत. ड्रायव्हर रस्त्यावर पालथा होता आणि त्याच्यावर मुलाणीसर पडले होते. पूर्ण अंग पसरून, पैलवान मातीला धरतो तसे. मार सगळा त्यांच्या पाठीवर, डोक्यावर पडत होता.

"ओ, म्हाताऱ्याला बाजूला घ्या रे!" कुणीतरी ओरडलं. दोघांनी त्यांना काखेत धरून ओढलं. ते सुटले नाहीत. एकानं बरगडीत लाथ घातली. मी ओरडत दारापाशी गेले, "दार उघडा, माझ्या ओळखीचे आहेत ते!" आमचा ड्रायव्हर म्हणाला, "मॅडम, खाली उतरू नका, तुम्हालाबी मारतील," आणि त्यानं दार उघडलं नाही. मी काचेवर हात आपटत राहिले.

मग शिट्ट्या वाजल्या. पोलीस आले तशी गर्दी ज्या वेगानं जमली होती त्याच वेगानं विरली. हेल्मेटं डोक्यावर चढली, गाड्या सुरू झाल्या. पोलिसांनी ड्रायव्हरला उचलून नेलं. तो चालत होता. कोंडी सुटली आणि आमची बस हलली.

मागच्या काचेतून मला ते दिसले. दुभाजकावर बसले होते. नाकातून रक्त दाढीत उतरत होतं. मघाशी लाथ घालणारा पंचविशीचा पोरगा अजून तिथंच होता. तो त्यांच्या तोंडासमोर वाकून, बोट नाचवत काहीतरी ओरडत होता. मुलाणीसर त्याच्याकडे वर बघत होते. दोन्ही हात त्यांनी स्वतःच्या मांड्यांखाली घट्ट दाबून धरले होते.